सहावाज्या

चंद्रमतीअक्काच्या एका पत्राला वेंकटरावांनी उत्तर दिले नव्हते. तशी जन्मात पुष्कळच पत्रे त्यांच्या हातून राहून गेली होती. भिडस्त माणसाचे असेच होते. उत्तर मनात जुळते, मग ते आपल्यालाच बरे वाटत नाही, दुसरे जुळवायला घ्यावे तोवर पत्र शिळे होऊन जाते. पण अक्काच्या पत्राची गोष्ट निराळी होती. त्याला उत्तर सुचलेच नव्हते. ‘गाडून ठेव’ म्हणून लिहिणाऱ्या बहिणीला माणसाने काय कळवावे? ‘गाडले’ म्हणून?

त्याला आता सात वर्षे होत आली. कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झाल्यावर वेंकटरावांनी कुणाला न सांगता पक्ष्यांची चित्रे काढायला सुरुवात केली होती. तंजावूरचा शरद आकाश निवळून येत नाही, भरून येतो. पुरट्टासी महिन्याचा उकाडा सरत आला की उत्तरेकडची पाखरे उतरू लागतात आणि त्यांच्या पाठोपाठ ऐप्पसी महिन्याचा पाऊस. त्या पहिल्या वर्षी चार चित्रे त्यांना त्यातल्या त्यात बरी वाटली. शेपूट हलवत चालणारा धोबी, खंड्या, तारेवरचा वेडा राघू आणि चिखलात मान आखडून बसलेली ढोकरी. ती पाकिटात घालून त्यांनी सेलमला अक्काकडे पाठवली. दुसऱ्या कुणाला दाखवायची छाती नव्हती. आणि पक्षी ओळखायला त्यांना शिकवले होते ते अक्कानेच. लहानपणी दोघे गच्चीवर पालथे पडून राजवाड्यामागच्या झाडांतली पाखरे बघत. लग्न होऊन अक्का सेलमला गेली. तिथे तिच्या खिडकीसमोर गिरणीची भिंत होती.

अक्काचे उत्तर इनलँडवर आले. मराठी, पण तमिळ अक्षरांत. त्यांच्या घरात देवनागरी वडिलांनी मुलग्याला शिकवली होती, मुलगी तमिळ शाळेत गेली होती. तंजावूरच्या निम्म्या मराठी घरांत पत्रे अशीच लिहितात. वेंकटरावांनी उभ्या उभ्या वाचले. ‘तुझे पक्षी पावले. चार पक्षी कशास पुरतात? सगळे गाडून ठेव. माझे डोळे आहेत तोवर.’ खाली सही, आणि सहीखाली, ‘सून बरी आहे ना?’

त्यांना नवल वाटले नाही. अक्काची जीभ जन्मापासून तशीच. शाळेच्या समारंभात त्यांनी एकदा श्लोक म्हटले, तर घरी येताना ती म्हणाली होती, “बरं म्हटलास. पुढच्या रांगेतल्यांस झोप लागली, मागच्यांस ऐकूच आलं नाही, म्हणून वाचलास.” त्यांचे स्वतःचे मतही काही वेगळे नव्हते. कागदावरची ढोकरी ढोकरीपेक्षा ओल्या पिशवीसारखी जास्त दिसते, हे त्यांना पाठवतानाच ठाऊक होते. त्यांनी रंगाची पेटी कपाटावर टाकली, पत्र पक्ष्यांच्या जाडजूड पुस्तकात घातले आणि पुस्तक खालच्या फळीवर. डोळे मात्र काही गाडता येईनात. दर शरदात ते पुदु आऱ्याच्या कालव्याकाठी जाऊन उभे राहत, तारांवरच्या भिंगऱ्या बघत आणि हात छत्रीच्या मुठीवर ठेवून परत येत.

फोनवर भावाबहिणीचे बोलणे होई, सणासुदीला. जेवलीस का, पाऊस आहे का, पाय कसे आहेत. पक्ष्यांचा विषय दोघांनीही काढला नाही. त्यांना वाटे, अक्का विसरली. अक्काला काय वाटे, ते तिने सांगितले नाही. मागून घेण्याची तिला सवयच नव्हती.

ह्या वर्षी महालयाच्या दिवसांत अक्काच्या मुलीचा, सुप्रभाचा फोन आला.

“मामा, आईचे डोळे उतरलेत. साखरेनं पडदा खाल्ला बोलतात. उजवा गेलाच. डाव्यातलं मधलं गेलं, कडेकडेनं थोडं दिसतं. भात कुठला, कोशिंबीर कुठली, ते रंगावरून ओळखते.”

“इंजेक्शन देतात ना?”

“देऊन झाली. हा पोंगल दिसला तर दिसला, बोलले डॉक्टर.”

मागून अक्काचा आवाज आला. “कोण, वेंकट? विचार त्यास, सहावाज्या आला का तिकडे.”

सहावाज्या म्हणजे नवरंग. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला झुडपातून दोन सुरांची शीळ घालतो, म्हणून तमिळमध्ये त्याला सहाच्या ठोक्याचा पक्षी म्हणतात. त्याचे ‘सहावाज्या’ अक्कानेच केले होते, ती परकरात असताना.

“अजून नाही, म्हणावं,” वेंकटराव म्हणाले.

“आला तरी हा काय सांगणार आहे मज,” अक्का मागून म्हणाली. त्यांनी फोन ठेवला तेव्हा त्यांचे कान तापले होते.

पुढे सरस्वतीपूजेच्या सकाळी त्यांची सून अखिला पुस्तके गोळा करत होती. अखिला कोयंबतूरच्या मराठी घरातली, शाळेत गणित शिकवायची. बोलायला घरचे मराठी फाडफाड, पण वाचता येई ते फक्त तमिळ आणि इंग्रजी. त्या दिवशी घरातली पुस्तके देवीपुढे रचून ठेवतात आणि पूजा झाली की विजयादशमीच्या सकाळपर्यंत कुणी एक ओळ वाचायची नाही. अखिलाने खालच्या फळीवरचे जाड पुस्तक ओढले आणि त्यातून इनलँड खाली पडले.

“मामंजी, हे काय? अक्षर आत्यांचं दिसतं.”

“असू दे. आत ठेव. आज वाचायचं नसतं.”

“पूजा कुठं झाली अजून? अजून तासभर सरस्वतीस काही ठाऊक नाही.” आणि तिने वर्गात वाचावे तसे खणखणीत वाचले, “तुझे पक्षी पावले. चार पक्षी कशास पुरतात? सगळे काढून ठेव. माझे डोळे आहेत तोवर.”

वेंकटराव फुलांचे तबक घेऊन उभे होते. ते तसेच राहिले.

“काय वाचलंस?”

“काढून ठेव. पेन्सिलीनं, रंगानं. तुम्ही चित्रं काढायचात? मज कुणी बोललं नाही ते.”

“काढून नव्हे. गाडून आहे ते.”

“गाडून?” अखिला हसायलाच लागली. “पक्षी कुणी गाडतं का मामंजी? मेले होते का ते?” आणि पत्र पुस्तकात, पुस्तक ढिगात घालून ती नैवेद्याचे बघायला आत गेलीसुद्धा.

पूजा झाली. आता पत्राला हात लावता येईना. वेंकटराव दिवसभर ढिगासमोर बसून होते. मधूनच उठत, तुळशीपर्यंत जात आणि परत येऊन बसत. बघायची गरज अशी नव्हतीच. तमिळमध्ये क आणि ग ह्यांना अक्षर एकच. ड आणि ढ ह्यांनाही एकच. काढून लिहा नाहीतर गाडून लिहा, कागदावर दोन्ही सारखेच उमटणार. शब्दाच्या सुरुवातीला ते अक्षर आले की तमिळ माणूस क वाचतो, अखिलाने तसे वाचले. मराठी माणसाने संदर्भ बघून ठरवायचे असते. वेंकटरावांनी ठरवले होते. उभ्या उभ्या, दुसऱ्यांदा न बघता.

विजयादशमीला सकाळी पुस्तके उचलतात तेव्हा प्रत्येकाने आधी काहीतरी शुभ वाचायचे. वेंकटरावांनी पत्र वाचले. जवळच अक्काचे जुने स्तोत्रांचे पुस्तक होते, तिने माहेरी ठेवलेले, तमिळ अक्षरांतले. त्यात मंत्र चुकू नये म्हणून अक्षरांच्या डोक्यावर बारीक आकडे छापलेले होते, दोनचा आकडा असला की क-चा ख करायचा, तीनचा असला की ग. पण ते देवाच्या पुस्तकात. भावाला चार ओळी लिहिताना आकडे कोण घालतो? अक्काला वाटले असेल, कळेल त्याला, मी दुसरे काय म्हणणार?

‘माझे डोळे आहेत तोवर.’ ह्या ओळीचा अर्थ त्यांनी तेव्हा असा लावला होता की माझे डोळे मिटेपर्यंत असले काही पुन्हा दाखवू नकोस. आता तो सरळ लागत होता, डोळ्यांना दिसते आहे तोवर. म्हणजे डॉक्टरांनी तिला तेव्हाच काहीतरी सांगितले असणार. आणि तिने ते एवढ्यावरच भागवले होते.

त्यांनी फोन लावला. उचलला अक्कानेच.

“अक्का, जेवलीस का?”

“सकाळचे आठ वाजताहेत. जेवते कशी?”

“पाऊस आहे का तिकडे?”

“हवामान खात्यात लागलास का तू? काय आहे ते बोल.”

वेंकटरावांनी पत्राची घडी घातली. गाडून वाचले म्हणून कसे सांगायचे? सात वर्षे तुला तसली बहीण समजलो, असे? “सहावाज्या अजून आला नाही,” ते म्हणाले.

“येईल. तो येतो,” अक्का म्हणाली. “बाकीचे येत नाहीत.” आणि तिने फोन सुप्रभाच्या हातात दिला.

त्याच दिवशी त्यांनी रंगाची पेटी खाली काढली. सगळ्या वड्या तडकल्या होत्या. तोंडाने जे झाले नाही ते कागदावर करायचे, आणि अक्काचा डावा डोळा मिटायच्या आत करायचे, एवढे त्यांना स्पष्ट दिसत होते. एवढेच दिसत होते. हातांना मात्र काहीच आठवत नव्हते.

पावसाला सुरुवात झाली होती. टाउन बसने ते मारियम्मन कोविलला उतरत आणि समुद्रम् एरी ह्या तलावाच्या बांधावर, छत्री मानेत अडकवून, पाण्याकडे तोंड करून बसत. सांबा भाताची रोपे नुकती लावलेली, खाचरांत आभाळाचा राखी रंग. शेकाटे लांब तांबड्या पायांवर उथळ पाण्यातून हिंडत. त्यांचे पाय कागदावर एक तर काठ्या होत, नाहीतर दोरे. तुतवार सारखा मागचा भाग खालीवर करी. थांबेल तर काढता येईल. भोवत्या भातावरून तिरका वाहत जाई आणि कागदावर नुसती वाकडी रेघ मागे राही. ओल्या कागदावर रंग पसरत. घरी येऊन वेंकटराव चित्र पंख्याखाली वाळवत, चष्मा पुसून बघत आणि फाडत.

“मामंजी, आज किती मारलेत?” अखिला टोपलीकडे बघून विचारी.

“एकही जिवंत उतरत नाही गं.”

“आत्यांस कुठं परीक्षा घ्यायची आहे? कडेनं बघणार त्या. रंग दिसला, चोच दिसली, झालं.”

“तिला दिसत नाही म्हणून कसंही काढून पाठवू?”

अखिलाने त्यांच्याकडे बघितले. “मग दिसायचं थांबल्यावर पाठवा,” ती म्हणाली. “तेव्हा अगदी चांगलं काढा.” बोलून झाल्यावर तिला वाईट वाटले असावे, तिने कॉफी आणून ठेवली. त्या दिवसापासून वेंकटरावांनी फाडणे बंद केले. चित्रे आवडू लागली म्हणून नव्हे. वाईट चित्रे ते मासिकाच्या दोन अंकांच्या मध्ये ठेवू लागले आणि पुन्हा काढून बघेनासे झाले, एवढेच.

दिवाळी ओलीच गेली. गठ्ठा हळूहळू जाड होत होता. भिंगऱ्या तारेवर, धोबी, राघू, शेकाटे, तुतवार, पाठमोरा भोवत्या, गायबगळे, एक ढोकरी, अजूनही पिशवीसारखीच. पाठवायला हरकत नव्हती. पण अक्काने ‘सगळे’ लिहिले होते, आणि सहावाज्या राहिला होता. संध्याकाळी शेजारच्या पडीक बागेतून त्याची शीळ येऊ लागली होती, दोन सूर, मध्ये श्वास. वेंकटराव जिन्यावर कागद घेऊन बसत. पक्षी पालापाचोळ्यात पाने उलटत असणार, दिसत नव्हता. आपण त्याची वाट बघतो आहोत की त्याच्या आड लपलो आहोत, हे त्यांना नीट कळत होते, आणि तरी ते रोज तसेच बसत.

मग सुप्रभाचा फोन आला. “मामा, आईस आता माणूस ओळखता येत नाही. काल मजच विचारली, कोण गं तू? लाल-निळं कळतं, तेही उन्हात धरलं तर. ऊन कुठून आणू?”

“सांग तिला...” वेंकटराव म्हणाले आणि थांबले.

“काय सांगू?”

“काही नको. मी पाठवतो.”

“काय?”

पण फोन ठेवून झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अखिलाने हाक मारली. शेजारी नवी तीन मजली इमारत झाली होती, तिच्या जिन्याला वरपासून खालपर्यंत काच. पाऊस थांबून तीत झाडांचे प्रतिबिंब पडले होते, आणि काचेखाली, वेंकटरावांच्या कुंपणाच्या आत, सहावाज्या पडला होता. मान एका बाजूला. अंग अजून कोमट होते, डोळा उघडा. अखिलाने त्याच्या चोचीशी बोटाने पाणी नेले. ते ओघळून गेले.

“उत्तरेहून आला बिचारा,” ती म्हणाली. “एवढं येऊन काचेवर.”

वेंकटरावांनी त्याला पंचावर घेतले आणि आपल्या जिन्यावर उजेडात ठेवले. इतक्या जवळून त्यांनी तो कधी बघितला नव्हता, अक्कानेही नसेल. पाठ हिरवी, पण खांद्याजवळ असे निळे की त्यांच्या पेटीत तसे काही नव्हते. डोळ्यावरून काळी पट्टी, गळा पांढरा, पोट पिकल्या फणसाच्या गऱ्यासारखे आणि शेपटीखाली कुंकू सांडल्यासारखे लाल. शेपूट जवळजवळ नाहीच. आज पहिल्यांदाच कुणी हलत नव्हते, उडत नव्हते, पाठ फिरवत नव्हते. ते काढत बसले. ह्याला उभा काढावा, झुडपात, चोच वर करून शीळ घालताना, असे मनात आले. अक्काला कोण सांगायला जाणार आहे? त्यांनी पायांच्या दोन रेघा तशा ओढल्यासुद्धा. मग त्या खोडल्या. सात वर्षे तिच्या एका शब्दाला भलताच अर्थ चिकटवला. आता पक्ष्यालाही भलताच उभा करायचा? पडला होता तसाच त्यांनी तो काढला, पंचाच्या काठासकट. रंग मात्र सुकतील तसे पुन्हा पुन्हा चढवले, निळे आणि लाल, कमी उजेडातही कुणाच्या डोळ्यांच्या कडेला लागतील असे.

चित्र बरे झाले होते. त्यांना ते कळले आणि जराही आनंद झाला नाही.

दुपारी त्यांनी कढीपत्त्याच्या झाडाखाली खुरप्याने माती उकरली. माती भिजलेली होती, लगेच निघाली. पक्षी आत ठेवून वर माती ओढताना अखिला मागे येऊन उभी होती. ती म्हणाली, “झालं ना मामंजी. दोन्ही झालं.” त्यांनी तळहाताने माती दाबली.

मग पत्र. देवनागरीत लिहिले तर अक्काच्या घरात कुणालाच वाचता येणार नाही. सुप्रभा वाचून दाखवणार ती तमिळ अक्षरेच. वेंकटरावांनी बरेच लिहिले आणि खोडले. तुझे पत्र मी चुकीचे वाचले, हे एका कागदावर लिहून झाले. ते वाचताना त्यांना वाटले, हे मी माझे मन हलके करायला लिहितो आहे, तिला काय उपयोग? तो कागद बाजूला पडला. शेवटी छोटेसेच राहिले.

‘अक्का, सगळे काढले. उशीर झाला. सहावाज्या आला होता. तो काढला आणि मग गाडला. त्याचे चित्र उन्हात धर.’

वाचून बघितले तर ‘काढला’ आणि ‘गाडला’ कागदावर अगदी एक. तो काढला आणि मग काढला. सुप्रभा तसेच वाचेल आणि अक्का म्हणेल, म्हातारा भ्रमिष्ट झाला. वेंकटरावांनी पेन्सिलीला टोक केले आणि दुसऱ्या शब्दाच्या पहिल्या अक्षराच्या डोक्यावर, स्तोत्राच्या पुस्तकात असतो तसा, तीनचा बारीक आकडा घातला. सुप्रभाने विचारले तर अक्का सांगेल तिला त्याचा अर्थ.

टपाल कचेरीत ओल्या छत्र्यांचा वास होता. स्पीड पोस्टच्या खिडकीतल्या बाईंनी पाकीट हातात घेऊन वजन केले.

“आत काय आहे, सार?”

“पक्षी,” वेंकटराव म्हणाले. बाईंनी मान वर केली, तशी ते गोरेमोरे झाले. “कागदाचे. चित्रं.”

“सेलमला परवा मिळेल. पाऊस आहे, एखादा दिवस इकडेतिकडे.”

“परवा ऊन असेल का हो तिकडे?”

“ते आमच्याकडे नाही, सार,” बाई म्हणाल्या, आणि पाकिटावर शिक्का मारून त्यांनी ते मागच्या पोत्यात टाकले.